घेणं जमणार नाही हे मान्य. पण निसानच्या आर३४ गाडीच्या जास्तीत जास्त जवळ कसं जाता येईल? सल्ला हवा

इचल_एक्सप्रेस

मंडळी, आधीच सांगून टाकतो, कुठली गाडी घेऊ असा हा धागा नाही. गाडी आहे. डिझेल आहे, हप्ते चालू आहेत, आई-बायको-पोरं आणि जोतिबाला जाताना सोबत येणारी मावशी असे सगळे तिच्यात मावतात. तक्रार नाही.

प्रश्न दुसरीचा आहे. निसान स्कायलाइन जीटी-आर, आर३४. कॉलेजात असताना गेमिंगच्या दुकानात तासावर पैसे मोजून हिलाच पळवायचो. बाकीचे फेरारी नाहीतर लॅम्बोर्गिनी निवडायचे, मला हा चौकोनी डबा आणि त्याचे मागचे चार गोल दिवे आवडायचे. आता वय ४३. अजूनही रात्री जेवण झालं की कुणीतरी थंड इंजिन सुरू करतोय असे व्हिडिओ बघत बसतो. बायको एकदा डोकावून विचारून गेली, "हिचं लग्न झालं का नाही अजून?"

चांगल्या स्थितीतली आर३४ आता कोटीच्या खाली मिळत नाही. कोटी असते तरी इथं आणता येते का, तेही धड कळत नाही. म्हणून घेण्याचा विषय सोडला. पण भिशी लागलीय, आणि घरच्यांनी स्वतःहून सांगितलंय की अडीच लाख तुझ्या हौसेला. एवढ्यात तिच्या किती जवळ जाता येईल? जपानला जाऊन भाड्यानं चालवावी, की त्याच पैशात इथं एखादी जुनी पळणारी गाडी घ्यावी, की सिम्युलेटर? आणि खरं सांगायचं तर एक भीती आहे. चालवली आणि आवडलीच नाही तर?

गॅरेज_अण्णा

भावा, अडीच लाख विमानात घालवू नको. जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक बघ, २००० ते २००३च्या दरम्यानची. १०६ अश्वशक्ती, अंगानं हलकी, आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा वर चढला की जी ओरडते ना, नाद खुळा. घेताना इंजिनापेक्षा पत्रा बघ. मागच्या चाकांच्या कमानी, डिकीतलं स्टेपनीचं खोरं, दाराची खालची पट्टी. मॅट उचलून हात फिरवायचा, पोपडा हाताला लागला की नमस्कार करून निघायचं. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचार, सांगता आलं नाही तर बदललेला नाही असंच धरायचं. पंधरा वर्षं उलटलेली असणार, म्हणजे फेरनोंदणी झालीय का आणि पर्यावरण कर भरलाय का हे कागद आधी. राहिलेल्या पैशात दर महिन्याला एक रविवार कोल्हापूरच्या मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंगला जा. हौस वर्षभर पुरवून खाशील. जपानात दोन दिवसांत संपंल.

नफा_तोटा

अडीच लाख इंडेक्स फंडात टाका आणि विसरून जा.

इचल_एक्सप्रेस

@नफा_तोटा, फंडात वेगळे टाकलेत. हे विसरण्यासाठीचे नाहीत.

@अण्णा, व्हीटेक चालवलीय, मित्राकडं होती. भारी गाडी, वाद नाही. पण ती घेतली तरी रात्रीचे व्हिडिओ आर३४चेच बघणार, हे मला आत्ताच दिसतंय.

कागदपत्र_मास्तर

आणण्याबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. परदेशातून वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडं लागतं, आणि ती मुंबई बंदरातूनच उतरवावी लागते. स्टिअरिंगच्या परीक्षेत आर३४ पास, वयाच्या परीक्षेत नापास. शिवाय कस्टम आणि बाकीचे कर धरले की मूळ किंमत दुपटीच्या वर जाते. सचिनच्या फेरारी ३६० मोडेनाचं प्रकरण आठवत असेल. २००२ला शूमाकरच्या हातून मिळालेली भेट, आणि आपल्याकडं चर्चा गाडीपेक्षा १ कोटी १३ लाखांच्या ड्युटीचीच जास्त झाली.

एक फट आहे. पूर्वी १९५०च्या आधीच्याच जुन्या गाड्या आणता यायच्या. आता पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी आणायला वाट मोकळी झालीय, आणि ती मर्यादा दर वर्षी पुढं सरकते. म्हणजे १९९९ची पहिली आर३४ थेट २०४९मध्ये पात्र ठरेल. तेव्हा तुम्ही ६६-६७ वर्षांचे असाल. पन्नाशीच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि अट अशी की रोजच्या वापराला काढायची नाही. त्या वयात रोज काढवणारही नाही म्हणा, इतक्या खाली बसलेल्या गाडीतून उठायला नातू लागेल.

योकोहामाची_वैदेही

धागा बघून राहवलं नाही. मी जपानात, कानागावात राहते, नवऱ्याला हेच वेड आहे, त्यामुळे इच्छा असो वा नसो, मला यातलं बरंच कळतं.

जपानला या. माझं मत सरळ आहे. ज्या गाडीची ओढ आहे तिच्यासोबत एक दिवस, हे तिच्या नावानं घेतलेल्या दुसऱ्याच गाडीपेक्षा बरं. दुसरी गाडी दारात उभी राहते, तिचा विमा येतो, बॅटरी उतरते आणि वर्षाच्या आत ती नुसती 'जुनी गाडी' होते.

आता कामाचं. चिबा आणि हाकोने या दोन्ही भागांत जुन्या जपानी स्पोर्ट्स गाड्या भाड्यानं देणाऱ्या कंपन्या आहेत. काही तासांवर देतात, काही दिवसावर. बुकिंग करताना पहिला प्रश्न हा विचारा : गाडी बीएनआर३४ आहे की ईआर३४? बीएनआर३४ ही खरी जीटी-आर : २.६ लिटरचं सहा सिलिंडर एका रांगेतलं आरबी२६ इंजिन, दोन टर्बो, चारही चाकांना ताकद. ईआर३४ ही जीटी-टी : अडीच लिटर, एक टर्बो, फक्त मागची चाकं. जीटी-टीला जीटी-आरचा बंपर आणि पंख लावला की फोटोत नवख्याला फरक कळत नाही. ओळखायची तर चाकांवरचे पत्रे बघा, जीटी-आरचे फुगीर असतात. जीटी-टी वाईट नाही, पण तुम्ही एवढ्या लांब तिच्यासाठी येत नाही आहात.

दुसरा प्रश्न, गाडीत बदल किती केलेत. भाड्याच्या बऱ्याच गाड्यांना मोठा एक्झॉस्ट, कडक सस्पेन्शन आणि मोठा टर्बो चढवलेला असतो. शक्य तितकी मूळ अवस्थेतली मागा. बदललेली गाडी चालवून आर३४ आवडली की नावडली हे ठरवता येणार नाही.

तुमच्या भीतीबद्दल. ती पंचवीस वर्षांपूर्वीची गाडी आहे. आतलं प्लास्टिक बघून "अरे, हे तर आपल्या काकांच्या सनीसारखंच" असं वाटेल. वजन दीड टनाच्या वर. क्लच जड. साडेतीन हजार आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ती कुठल्याही गाडीसारखी निमूट चालते आणि पहिल्या दहा मिनिटांत माणूस मनातून खट्टू होतो. नवरा झाला होता, मी शेजारी बसून बघितलंय. मग चढावर त्यानं तिसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला नाही. चार हजारांच्या पुढं आवाज बदलला, डॅशबोर्डच्या मधल्या छोट्या पडद्यावर बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या दाबाचा काटा वर गेला, आणि पुढचं वळण आम्हा दोघांना वाटलं होतं त्यापेक्षा बरंच लवकर आलं. त्यानंतर त्यानं प्लास्टिकचं नाव काढलं नाही. माझं डोकं मात्र दिवसभर दुखत होतं, कारण मागच्या खिडक्या उघडतच नाहीत आणि तो माणूस एसी लावायला तयार नव्हता, इंजिनाचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून.

अवांतर : कागदावर ताकद २८० पीएसच (पीएस म्हणजे जवळपास अश्वशक्तीच). तेव्हा जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की त्यापेक्षा जास्त आकडा कुणी जाहीर करायचा नाही. प्रत्यक्षात ती त्याहून बरीच जास्त द्यायची, आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

आपल्या लोकांना इथं एक फायदा आहे. स्टिअरिंग उजवीकडं, रस्त्याची बाजू आपलीच, गियर डाव्या हातात आणि इंडिकेटरची दांडी उजवीकडं, म्हणजे आपल्या मारुतीसारखीच. युरोपियन पाहुणे पहिला अर्धा तास वळताना वायपर लावतात. पेट्रोल भरताना मात्र लक्ष ठेवा. इथं नळीचा रंग ठरलेला असतो : लाल साधं, पिवळं जास्त ऑक्टेनचं, हिरवं डिझेल. आर३४ला पिवळं. सेल्फ सर्व्हिस पंपावर हिरव्याला हात लावला तर तुमची भिशी तिथंच संपली.

वेगाची स्वप्नं नकोत. साध्या रस्त्यावर मर्यादा ताशी ६० आहे. हाकोनेला ओदावाराहून वर चढणारा टोलचा घाटरस्ता आहे, बहुतेक हौशी लोक तिकडंच जातात. तिथंही तिसऱ्या गियरच्या पुढं फारसं काही लागत नाही, पण याच गाडीची मजा तिसऱ्यात आहे.

गॅरेज_अण्णा

ताई, हे बीएनआर-ईआरचं लय भारी सांगितलंत. आपल्याकडं पण साध्या ऑक्टेव्हियाला व्हीआरएसचा, म्हणजे तिच्या जास्त ताकदीच्या आवृत्तीचा बिल्ला चिकटवून गिऱ्हाईक गाठणारे आहेत. मी माझं मत मागं घेत नाही, पण गडी जाणारच असंल तर नीट जाऊ दे.

तिसरा_गियर

जायच्या आधी दोन-तीन महिने सिम्युलेटरवर हात बसवून घ्या, पण सिम्युलेटर हेच उत्तर समजू नका. असेटो कोर्सा या रेसिंगच्या गेममध्ये जपानी गाड्यांच्या जोडसंचात आर३४ आहे. जुनं लॉजिटेकचं स्टिअरिंग आणि वेगळी गियरची दांडी मित्राकडून उसनी आणली तरी चालेल. ट्रॅकवर रेकॉर्ड करायला जाऊ नका. चढ-उताराचा एखादा रस्ता लावा आणि नुसतं गियर बदलणं गुळगुळीत होईपर्यंत करा. खरी गाडी भाड्याची आहे आणि तिचा सहा गियरचा गेट्राग कंपनीचा गियरबॉक्स स्वस्तात मिळत नाही.

काचेचं_कपाट

मॉडेलवाल्यांकडं कुणी बघतच नाही, म्हणून आमचंही ऐकून घ्या. १:६४ची (खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढी) आर३४ हॉट व्हील्समध्ये अधूनमधून येते. आली की खेळण्यांच्या दुकानात सकाळी दार उघडायच्या आत चाळिशीची माणसं उभी असतात, मुलांचा पत्ता नसतो. मिनी जीटीवाल्यांचं रंगकाम त्याहून बरंच नेटकं.

पण माझा सल्ला : दहा छोट्या घेण्यापेक्षा एक १:१८ ऑटोआर्टची घ्या. महाग आहे, अडीच लाखांपुढं किरकोळ आहे. बॉनेट उघडतं. आत बघा, साध्या जीटी-आरला इंजिनावरचं झाकण लाल असतं, २००२च्या शेवटच्या 'न्यूर' आवृत्तीला सोनेरी. खऱ्या न्यूर हजाराच्या आसपासच बनल्या. व्ही-स्पेक दोन या आवृत्तीच्या बॉनेटवर हवा घ्यायला एक चपटी खाच असते, तीसुद्धा मॉडेलमध्ये आहे. भिंग घेऊन बसलो की माझा रविवार जातो. जपानला जाऊन आल्यावर घेतलीत तर आणखी मजा, कारण काय बघायचं ते तुम्हाला ठाऊक असेल.

घेताना डब्याला प्लास्टिकचा वास किंवा रंगाला बुडबुडे दिसले तर परत द्या. आपल्या पावसाळ्यात ते वाढतच जातं.

सदाशिव_६८

नमस्कार. माझं वेड वेगळं आहे, पण दुखणं तेच. लोटस सेव्हन. १९५७ला कॉलिन चॅपमननी आणली. दारं नाहीत, छप्पर जवळजवळ नाही, चार नळ्या आणि एक इंजिन. लोटसनी सोडली ती १९७३ला केटरहॅमनी उचलली आणि अजून बनवतात. भारतात मी ती कधीच घेणार नव्हतो.

पण अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्स नावाची मंडळी होती, ते त्याच धाटणीची उघडी रोडस्टर बनवायचे. इंजिन १.८ इसुझू, म्हणजे आपल्या अँबेसिडरमध्ये यायचं तेच. मी ओळखीतून शेजारच्या सीटवर बसून अलिबागच्या रस्त्यावर एक फेरी मारली. रस्त्यापासून बूड इतकं जवळ की रिक्षाची चाकं डोळ्यांच्या रेषेत येतात. एसटीनं ओव्हरटेक केलं तेव्हा तिचा सायलेन्सर माझ्या कानाशी होता. ती लोटस नव्हती. तरी माझी तहान बरीच भागली, हे कबूल करायला हवं. तेव्हा अण्णांचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नका. पर्यायी गाडी जर त्याच जातीची असेल तर चालते. सिटी आणि स्कायलाइन एका जातीच्या नाहीत, एवढंच.

आणि मुंबईत व्हिंटेज गाड्यांची रॅली होते तिला एकदा जा. तिथले मालक बोलायला उत्सुक असतात. नम्रपणे विचारलंत तर बसूही देतात. फक्त बक्कल असलेला पट्टा घालून जाऊ नका, रंगाला घासतो. या एका गोष्टीवर ते फार चिडतात आणि बरोबरच चिडतात.

कागदपत्र_मास्तर

सदाशिवकाका, अनुमोदन.

जाता जाता, कुणी इथंच, मुंबई-पुण्यात, आर३५ (आर३४नंतरची जीटी-आर) किंवा तसली गाडी दिवसभर भाड्यानं देतो म्हणाला तर नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं घेतली आणि ठोकली, तर विमा कंपनी हात वर करणार. आर३५ची किंमत इथं २०१६ला आली तेव्हाच १ कोटी ९९ लाख होती. आता तर तिचं उत्पादनही २०२५च्या ऑगस्टमध्ये थांबलंय. बंपरचा खर्च ऐकूनच घाम फुटेल.

इचल_एक्सप्रेस

सगळ्यांचे आभार. ठरलं, जपान. बायकोला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, "तुमच्या दोघांत मी कशाला?" आणि वर, येताना सुरी आण म्हणाली, चांगली धारेची.

वैदेहीताई, दोन गोष्टी विचारायच्या. परवान्याचं काय करायचं? आणि गाडीला काही झालं तर? विम्याच्या धसक्यानं दिवसभर तीसनं चालवत बसायचं नाही.

योकोहामाची_वैदेही

परवाना : आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. फॉर्म ४ए, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. जपानला १९४९च्या जिनिव्हा करारातलाच चालतो आणि भारताचा त्याच करारातला आहे, म्हणून अडचण नाही. छापील मूळ प्रतच लागते, फोनमधला फोटो काउंटरवरचा माणूस हसून परत देतो. सोबत मूळ भारतीय परवाना आणि पासपोर्ट. तिकीट काढायच्या आधीच हे हातात घ्या. लोक उलटं करतात आणि मग आरटीओच्या रांगेत देव आठवतात.

विमा : बुकिंग करतानाच लेखी विचारा, अपघात झाला तर तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती. स्पोर्ट्स गाड्यांना ही रक्कम साध्या गाडीपेक्षा मोठी असते. त्याशिवाय गाडी दुरुस्तीला गेल्यावर तिचं भाडं बुडतं, त्याचा वेगळा आकार इथं घेतात; तोही विचारा. टायर, रिम आणि क्लच विम्यात धरलेत का, हा तिसरा प्रश्न. तेवढी रक्कम अडीच लाखांतून बाजूला काढा आणि खर्च झाली असंच समजा. नाही लागली तर सुरी दोन आणा.

आणि एक दिवस गाडीशिवाय ठेवा. योकोहामात निसानच्या मुख्यालयात गॅलरी आहे, फुकट. झामाला त्यांच्या जुन्या गाड्यांचा संग्रह आहे, सुमारे तीनशे गाड्या मांडलेल्या, तोही फुकट, पण आधी नोंदणी करावी लागते आणि जागा भराभर संपतात. तिथं १९६९ची पहिली जीटी-आर ते आर३४ ओळीनं बघायला मिळतात. रविवारी सकाळी दाइकोकूचं पार्किंग, गाड्यांचे वेडे तिथं जमतात. एक्स्प्रेसवेवरच आहे, ट्रेननं किंवा पायी पोचता येत नाही, म्हणून भाड्याची गाडी हातात असेल तोच दिवस रविवार ठेवा. गर्दी वाढली की पोलीस ते बंद करतात, तेव्हा लवकर जा. तिथं इंजिन ताणून आवाज काढू नका, लोकांना ते आवडत नाही.

गॅरेज_अण्णा

येताना मला १:६४ जांभळी. पैसे आल्यावर देतो. व्हीटेकचा विषय परत आलास की काढू.

तिसरा_गियर

@इचल_एक्सप्रेस, तारीख ठरली की सांगा. मीही येईन म्हणतो, भाडं निम्मं-निम्मं. चालेल का? ताई, दोन ड्रायव्हर चालतात का एका गाडीला?

योकोहामाची_वैदेही

चालतात, पण दुसऱ्याचं नाव करारात लिहून घ्यावं लागतं आणि त्याचाही आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. काही कंपन्या जादा ड्रायव्हरचे वेगळे पैसे लावतात. मागं दोन सीट आहेत, पण फक्त नावाला. तिसरा कुणी येणार असेल तर आधी त्याची उंची कळवा.